लादीवाल्याचं व्हेनिस

लादीच्या धंद्यातला माणूस कुणाच्याही घरात शिरला की आधी खाली बघतो. यजमान भिंतीवरचा नवा टीव्ही दाखवत असतात आणि आमचं लक्ष कोपऱ्यात. स्कर्टिंग सरळ आहे का, जोडात मळ भरलाय का, मोरीच्या उंबऱ्याशी ढाळ नीट उतरलाय का. बडोद्यात प्रतापनगर रस्त्याला आमचा मोझेक लादीचा कारखाना होता. वडिलांनी काढला, मी चालवला आणि शेवटी कुलूपही मीच लावलं. मोरबीच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आल्यावर दहा इंची मोझेक लादी घ्यायला कोण येणार? आता गंमत अशी की तीच मोरबी टाइलवर मोझेकचं चित्र छापते, त्याला ‘टेराझो’ म्हणते आणि आर्किटेक्ट मंडळी ती कौतुकानं बसवतात. असो. धंदा बंद झाला तरी नजर रिटायर होत नाही.

लेक इटलीत पादोव्हाला नोकरीला आहे. यंदा दिवाळी उरकून आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. निघायच्या आधी दांडिया बाजारातल्या झाडून सगळ्या ओळखीच्यांनी याद्या दिल्या: रोममध्ये हे बघा, पिसाला ते बघा. मी हो हो म्हणत होतो. मला खरं तर एकच बघायचं होतं, व्हेनिसची जमीन.

बडोद्याच्या माणसाला याचं कारण वेगळं सांगायला नको. लक्ष्मीविलास पॅलेसचा दरबार हॉल. मेजर मँटनं राजवाड्याचा आराखडा केला, तो वारल्यावर चिझमनं काम पुरं केलं, आणि १८९० मध्ये सयाजीराव महाराजांचा हा राजवाडा उभा राहिला. दरबार हॉलच्या खिडक्यांच्या रंगीत काचा बेल्जियमच्या आणि जमीन व्हेनिशियन मोझेकची. फेलिची नावाचा इटालियन शिल्पकारही महाराजांनी बोलावून घेतला होता, त्याचे पुतळे आजही तिथे आहेत. वडील मला एकदा तो हॉल दाखवायला घेऊन गेले होते. इतर लोक माना वर करून छत बघत होते आणि वडील खाली वाकून मला सांगत होते, “बघ, एवढी लांब-रुंद जमीन आणि मध्ये एक तडा नाही.” आमच्या प्रेसमधून निघणारी लादी म्हणजे पांढरं सिमेंट, रंग, मकराण्याच्या संगमरवराची झिरो आणि एक नंबरची चिप्स म्हणजे बारीक खडी, मग हौदात पाणी, मग घासून सपाट करायची घिसाई, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचं पॉलिश. त्याचं मूळ गाव कुठलं, हे मला तिथे कळलं.

पादोव्हाहून व्हेनिस आगगाडीनं अर्ध्या तासावर आहे. मेस्त्रे स्टेशन जाईपर्यंत काही विशेष नाही: गोदामं, ओव्हरहेड तारा, फ्लॅट. आपल्या मकरपुरा जीआयडीसीतून गाडी चाललीय असं वाटावं. आणि मग दोन्ही बाजूंची जमीनच संपते. खाडीवरून जाणारा हा रेल्वेपूल १८४६ चा, शेजारचा मोटारींचा रस्ता १९३३ चा. जवळपास चार किलोमीटर नुसतं पाणी, त्या दिवशी वर धुकं, आणि धुक्यात लाकडी खुंट्यांच्या रांगा, बोटींना वाट कळावी म्हणून रोवलेल्या. सौ. म्हणाली, “अहो, गाव कुठंय?” मीही तेच शोधत होतो.

सांता लुचिया स्टेशनच्या बाहेर पडलात की समोर पायऱ्या, पायऱ्यांखाली थेट मोठा कालवा आणि पलीकडे हिरव्या घुमटाचं चर्च. स्टेशनबाहेर रिक्षावाले नाहीत, वडाप नाही, हॉर्न नाही. आम्ही बडोदा स्टेशनच्या सयाजीगंजकडच्या दरवाजातून बाहेर पडण्यात जन्म घालवलेली माणसं, आम्हाला तो शांतपणा आधी संशयास्पदच वाटला. मग कानाला एकच आवाज ऐकू यायला लागला, दगडावरून जाणाऱ्या बॅगांच्या चाकांचा. खडखडखड. इथली खरी वाहतूक तीच.

बाकी सगळं बोटीनं. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण डोळ्यांनी बघितलं तेव्हा हसूच आलं. कचऱ्याची बोट, तिला उचलायचा यांत्रिक हात. कुरिअरची बोट. ॲम्ब्युलन्स बोट. एका बोटीत सिमेंटच्या गोण्या, वाळू आणि काँक्रीटचा मिक्सर, आणि त्यावर बसून कामगार सँडविच खातोय. मी लेकीला विचारलं, साइटवर एक ट्रक माल टाकायचा तर खर्च किती येत असेल? तिला अर्थातच माहीत नव्हतं. पण बोटीतून धक्क्यावर, धक्क्यावरून हातगाडीत, हातगाडी पुलाच्या पायऱ्यांवरून खेचत वर आणि पलीकडे सोडत खाली, असा माल जाताना मी पुढे कितीदा तरी बघितला. मजुरीचा हिशेब मनातल्या मनात केला आणि सोडून दिला. इथे बिल्डर होणं म्हणजे शिक्षा आहे.

व्हापोरेत्तो म्हणजे इथली सिटी बस, पाण्यावरची. एका माणसाचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. आपल्या पैशांत करायचं नाही असं लेकीनं विमानतळावरच बजावलं होतं, पण तिघांचं केलंच. बॅगा खोलीवर टाकल्यानंतर मात्र आम्ही चालतच फिरलो.

आणि चालायला लागल्यावर मी नेहमीप्रमाणे खाली बघू लागलो. गल्लीतली फरशी करड्या दगडाची, ट्रॅकाइटची. हा ज्वालामुखीचा दगड पादोव्हाजवळच्या एउगानेई टेकड्यांतून शतकानुशतकं इथे येतोय. लेक ज्या टेकड्यांवर रविवारी फिरायला जाते, त्याच या. खरखरीत असल्यानं ओल्यातही पाय धरतो. पुलाच्या पायऱ्यांच्या कडा, उंबरे, कालव्याकाठची किनार मात्र पांढरी, इस्त्रियाच्या दगडाची. तो घट्ट, पाणी पीत नाही. घरांच्या भिंती विटांच्या, पण पाण्याला लागणारा खालचा थर याच दगडाचा असतो, म्हणजे ओल वर चढत नाही. आपल्याकडे डीपीसी म्हणून जो थर घालतात, तेच काम. त्याखाली चिखलात ठोकलेले लाकडाचे सोट. पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही म्हणून लाकूड टिकतं. मात्र पांढरी कड ओली झाली की घसरते हो. सौ.नं पहिल्या पुलापासून कठडा पकडला तो शेवटपर्यंत सोडला नाही. शहरात पूल चारशेच्या वर आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. गुडघेदुखीवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारून यावं.

एका गल्लीत खोदकाम चाललं होतं. उखडलेले दगड भिंतीशी लावून ठेवलेले आणि प्रत्येकावर नंबर घातलेला. काम झालं की जो दगड जिथला, तिथेच परत बसणार. मी उभाच राहिलो. आमच्याकडे रावपुऱ्यात पाइपलाइनसाठी रस्ता फोडला की जुना दगड कुठे जातो ते देव जाणे, वरून डांबर ओतलं की काम पास. इथे नगरपालिका फार थोर आहे असं मला म्हणायचं नाही. नंबर घातले नाहीत तर वाकड्या-तिकड्या तुकड्यांचं कोडं परत जुळणारच नाही, म्हणून घालतात. पण घालतात.

मग एका चौकात आलो. इथे चौकाला काम्पो म्हणतात. मधोमध दगडी कोरीव विहिरीचं तोंड, वर झाकण. लहान मुलं त्याला टेकून चेंडू खेळत होती. मी चेंडूकडे बघत होतो, कारण तो दर वेळी ठरावीक बाजूला घरंगळत होता. तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या चौकाला ढाळ दिलेला आहे. आणि जिथे ढाळ उतरतो तिथे भोकं पाडलेले पांढरे दगड बसवलेले. व्हेनिसच्या चारी बाजूंना पाणी, पण पिण्याजोगा थेंब नाही. म्हणून त्यांनी चौकच्या चौक गाळणी केला. खाली चिकणमातीचं अस्तर दिलेला खड्डा, त्यात वाळू, मधोमध विहीर. पावसाचं पाणी फरशीवरून जाळीत, जाळीतून वाळूत, वाळूतून झिरपत विहिरीत. मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं १८८४ मध्ये. त्याच सुमारास आमच्याकडे महाराजांनी आजव्याचं तळं बांधायला घेतलं होतं. तोपर्यंत हे शहर फरशीच्या ढाळावर पाणी प्यालं. मी आयुष्यभर बाथरूमचे ढाळ काढले, पण ढाळावर एखादं शहर जगू शकतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. लेकीला म्हटलं, “अगं, हा मिस्त्री असता ना, तर मी पाया पडलो असतो.” ती म्हणाली, “बाबा, लोक बघतायत.” मी खरंच वाकून जाळीत डोकावत होतो.

सान मार्को चौकात पोचलो तेव्हा भरती होती. आता हे नीट सांगतो, कारण मला वाटत होतं पाणी समुद्राकडून लाटेसारखं येत असेल. तसं नाही. ते खालून येतं. चौकातल्या पावसाच्या पाण्याच्या जाळ्यांतून आधी बुडबुडे, मग काचेसारखं स्वच्छ पाणी हळूहळू वर येतं आणि पसरतं. ज्या वाटेनं पाऊस बाहेर जायचा, त्याच वाटेनं समुद्र आत. शहरातली ही सगळ्यात सखल जागा. लाकडी फळ्यांचे उंच मार्ग टाकून ठेवलेले, त्यावरून लोकांची रांग चाललेली. एक बांगलादेशी पोरगा चपलांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या विकत होता. माझ्याशी हिंदीत बोलला. त्याला भरतीचं वेळापत्रक पाठ होतं. पाणी कधी उतरेल ते त्यानं सांगितलं आणि तसंच झालं. जगात कुठेही जा, हवामानखात्यापेक्षा फेरीवाल्यावर भरवसा ठेवावा.

पाण्याखालून चौकातली फरशी दिसत होती: करडा दगड आणि त्यात पांढऱ्या दगडाची नक्षी. आंद्रेया तिराली नावाच्या वास्तुकारानं १७२३ मध्ये आखलेली. त्याआधी इथे विटा होत्या. वर बसिलिका म्हणजे सान मार्कोचं मोठं चर्च, मनोरा, घोडे, सिंह, सगळं फोटोत असतं तसंच आहे आणि सुंदर आहे, त्यात मी काय भर घालणार? मनोरा जुना दिसतो पण तो १९०२ मध्ये सगळाच्या सगळा कोसळला होता आणि १९१२ मध्ये जसाच्या तसा पुन्हा बांधला, एवढं फक्त सांगतो.

पुराबद्दल मात्र बडोदेकर गप्प बसणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आमची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची खूण २५ ची. आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यांवर पाणी, दूध नाही, वीज नाही आणि पाण्यात मगरी. लोक गच्चीवरून मगरींचे व्हिडिओ काढत होते. इथे मगरी नाहीत, पण ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटीमीटर चढलं होतं आणि १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७. त्यानंतर ऑक्टोबर २०२० पासून त्यांनी खाडीच्या तीन मुखांवर ७८ झडपांचा बांध वापरात आणला. एरवी समुद्रतळाशी आडव्या पडलेल्या झडपा, मोठी भरती येणार म्हटलं की हवा भरून उभ्या करतात. बांधायला वर्षानुवर्षं लागली, भ्रष्टाचाराची प्रकरणं झाली, खर्च बेसुमार वाढला. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पण शेवटी झडपा उठतात. ११० सेंटीमीटरच्या वर पाणी जाणार असेल तरच, म्हणून आमच्या वेळच्या किरकोळ भरतीला त्यांनी हात लावला नाही. बसिलिकेभोवती काचेचा बंधारा आहे, त्यामुळे बाहेर चौकात पाणी आणि आत कोरडं.

आत गेलो. बाकी सगळे वर बघत होते, कारण वर सोन्याचं मोझेक आहे, हजारो चौरस मीटर. मी खाली. सुमारे दोन हजार चौरस मीटर जमीन, तिचं मूळ काम अकराव्या-बाराव्या शतकातलं. तांबडा पोर्फिरी, हिरवा सर्पेंटाइन, पांढरे-पिवळे संगमरवर, काचेचे तुकडे. वर्तुळं, चौकटी, मोर. आणि ही जमीन सपाट नाही! वाळत घातलेल्या गोधडीसारखी वरखाली झालीय. लेव्हल पट्टी लावली तर बुडबुडा वेडा होईल. खालची माती खचत गेली, जमीन तिच्याबरोबर वाकत गेली आणि तरी तुकडे जागा धरून आहेत. आमच्या धंद्यात कोपऱ्यात दोन सूत फरक पडला तर पार्टी पैसे अडवायची. मी गर्दीच्या मधोमध थांबलो, मागच्या जर्मन बाईंनी धक्का दिला, आणि सौ. म्हणाली, “अहो, वर सोनं आहे सोनं. ते तरी बघा.” बघितलं. छान आहे.

रियाल्तोच्या बाजाराकडे आम्ही दोन युरो देऊन साध्या होडीनं कालवा पार केला. गोंडोल्यात बसायला अर्ध्या तासाचे ९० युरो पडतात आणि ही होडी म्हणजे गोंडोलाच, फक्त मोठा आणि उशा नसलेला. समोर मासळीबाजार. आम्ही शाकाहारी, त्यामुळे लवकर पुढे सरकलो. पण रियाल्तोला उभं राहिल्यावर मला चेझारे फेदेरिची आठवला. हा व्हेनिसचा व्यापारी १५६३ मध्ये इथून निघाला आणि फिरत फिरत खंबायतेला पोचला. खंबायत आमच्याकडून मोटारीनं दीड तास. तिथली ओहोटी-भरती कशी अंगावर धावून येते आणि बायकांचे हात हस्तिदंती बांगड्यांनी कसे भरलेले असतात, ते त्यानं लिहून ठेवलंय. भरतीच्या गावचा माणूस पार खंबायतेपर्यंत गेला आणि तिथेही भरतीच बघत बसला, हे मला फार पटतं. मी इथे येऊन लाद्या बघतोय, त्यात वेगळं काय आहे?

बाजारपेठेच्या गल्ल्या मात्र मला आवडल्या नाहीत. मुखवटे, मुखवटे आणि मुखवटे. काचेच्या मण्यांवर कुठे बनलेत ते बघायला चष्मा लागतो. या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख लोक राहायचे, आता पन्नास हजारसुद्धा नाहीत. आमच्या मंगळ बाजारात दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी याहून जास्त माणसं असतील. किराणा दुकान शोधायला लेकीला फोनमध्ये बघावं लागलं. दूध, केळी घेतली आणि एका बाकावर बसून सौ.नं घरून आणलेले थेपले खाल्ले. समोर कबुतरं नाही, सीगल. पिझ्झावाल्या एका पोराच्या हातातला घास त्यानं उचलून नेला तेव्हा आम्ही थेपले डब्यात टाकून डब्यावर हात ठेवला.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. मोठ्या कालव्यावर ‘का दोरो’ नावाचा पंधराव्या शतकातला वाडा आहे. दर्शनी बाजू जाळीदार, अगदी नाजूक. लोक बोटीतून तिचे फोटो काढतात. आत संग्रहालय आहे. मी तळमजल्याच्या पडवीत पाऊल टाकलं आणि जागेवरच थांबलो. सगळी जमीन मोझेकची, सान मार्कोच्या धर्तीवर: तीच वर्तुळं, तेच तांबडे-हिरवे दगड. मला वाटलं तेवढीच जुनी असणार. नाही. जॉर्जिओ फ्रांकेत्ती नावाच्या एका श्रीमंत बॅरननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा मोडकळीला आलेला वाडा विकत घेतला, आयुष्य आणि पैसा त्याच्या दुरुस्तीत घातला, आणि ही जमीन त्यानं स्वतःच्या हातानं लावली.

बॅरननं! गुडघ्यावर बसून!

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांना यातली गोम कळणार नाही. जमिनीचं काम करणाऱ्याचे गुडघे आणि कंबर चाळिशीत जाते. चुन्यानं बोटांची सालं निघतात. दुपारनंतर डोळ्यांना सगळे रंग एक दिसायला लागतात. आमच्याकडे घिसाई करणारी माणसं फडकं गुंडाळून गुडघ्यांवर बांधायची, तरी रात्री कळ यायची. आणि मालक कधी खाली बसतो का? मी सुद्धा कारखान्यात खुर्चीवरच बसलो. वडील सुरुवातीला बसले असतील. आणि हा माणूस, ज्याला शंभर मिस्त्री ठेवता आले असते, तो स्वतः संगमरवराचे तुकडे निवडून बसवत बसला. १९१६ मध्ये वाडा त्यानं सरकारला देऊन टाकला. १९२२ मध्ये वारला. त्याच्या अस्थी याच जमिनीत, एका खांबाखाली ठेवल्या आहेत. इतर लोक वर चित्रं बघायला गेले. मी पडवीत बसलो होतो. पहारेकरी बाई दोनदा येऊन बघून गेल्या. काही ठिकाणी तुकड्यांच्या मधला जोड जरा रुंद आहे, एका वर्तुळाची कड किंचित दबलेली आहे. पगारी कारागिरानं असं सोडलं नसतं. मला ते फार आवडलं. जो ओलाव्यानं अर्धा भिजणार हे माहीत असलेल्या तळमजल्यावर एवढं काम करतो, त्याला चूक काढणारी पार्टी कोण भेटणार?

२१ नोव्हेंबरला सालुते नावाच्या चर्चची यात्रा होती. यात्राच म्हणतो, दुसरं काही म्हणवत नाही. १६३० च्या प्लेगमध्ये शहरातली जवळपास तिसरा हिस्सा माणसं गेली, तेव्हा नवस बोलले की साथ हटली तर मोठं देऊळ बांधू. बाल्दासारे लोंगेना नावाच्या वास्तुकारानं १६३१ मध्ये काम सुरू केलं, १६८७ ला पुरं झालं. खाली दहा लाखांहून जास्त लाकडी सोट ठोकलेत म्हणतात. तो नवस आजही दरवर्षी फेडतात: मोठ्या कालव्यावर तात्पुरता तरंगता पूल टाकतात, लोक मेणबत्त्या घेऊन जातात. बाहेर फुगे, तळलेले गोड गोळे, साखरेची ओढलेली कांडी. पहिल्यांदाच त्या शहरात आम्हाला आजी-नातवंडं, ओळखीच्यांना हाका मारणारी माणसं दिसली. मेणबत्ती वेदीपाशी द्यायची, ती पेटवणारा माणूस पेटवतो आणि थोड्या वेळानं विझवून बाजूच्या ढिगात टाकतो, पुढच्याला जागा. आपल्या देवळातल्या नारळांचं होतं तेच. सौ.नं लेकीच्या नावानं एक दिली. चर्चच्या जमिनीला एकात एक वर्तुळं आणि गुलाबांची नक्षी आहे हे मला वाचून ठाऊक होतं. दिसले ते बूट. शेकडो बुटांच्या मधून कुठे पांढरी पाकळी, कुठे तांबडी कड. मी पाय सरकवत जितकी बघता येईल तितकी बघितली.

मुक्कामाची खोली जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावर होती आणि जमीन अस्सल टेराझोची. एकसंध, लाद्या नाहीत, काही नाही. तळाशी चुना आणि फोडलेल्या विटा-कौलांचा जाड थर, वर बारीक चुना आणि संगमरवराची पूड, त्यात दाणे पेरून, रूळ फिरवून दाबलेले. महिनोन्महिने सुकवून मग लांब दांड्याला बांधलेल्या दगडानं घासायचं आणि जवसाचं तेल प्यायला द्यायचं. सिमेंट नाही. चुन्याची जमीन घर हललं तर थोडी वाकते, सिमेंटची फुटते. चिखलावर उभ्या असलेल्या घराला वाकणारीच हवी. हे मला वडिलांनी सांगितलं नव्हतं, त्यांनाही माहीत नसावं.

आणि ती वाकली होतीच. सौ. डब्यातून लेकीसाठी बेसनाचे लाडू काढत होती, एक निसटला आणि पलंगापासून निघून टेबलाला वळसा घालून थेट कपाटाखाली गेला. लेक हसून हसून खाली बसली. मी लाडू पुन्हा पलंगाशी ठेवला. पुन्हा त्याच वाटेनं कपाटाखाली. तिसऱ्या खेपेला मी त्याचा व्हिडिओ काढला आणि आमच्या जुन्या मिस्त्रींना पाठवला. चाळीस वर्षं आमच्याकडे काम केलेला माणूस, आता मकराण्याला मुलाकडे असतो. तिकडे रात्रीचे दोन वाजले असतील. पण म्हाताऱ्याला झोप नसते. दोन मिनिटांत व्हॉइस मेसेज आला:

“शेठ, ढाल तो बराबर दिया है. लेकिन जाली किधर है?”